दुधात न बुडवलेले हात

शुभदाला माझ्याबद्दल एक गोष्ट सोडून सगळं ठाऊक होतं. ती एक गोष्ट सांगायची राहून गेली, असं म्हणता आलं असतं. पण राहून गेली नाही. मी ती ठेवली. शुभदा असताना ठेवली, आजारी असताना ठेवली, आणि ती गेल्यावर — आता सांगायचं तरी कुणाला, असं म्हणत — आणखी जपून ठेवली. त्या गोष्टीचे तुकडे अलीकडे दोघींना सांगितले आहेत. ते पुढे येईल. सबंध मात्र कुणालाच नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

कुठून सुरू करू? मिरचीपासून करतो. तिनंही तिथूनच केलं असतं.

शुभदा तलासरीची. वडील तिथल्या शाळेत शिक्षक, बदली होऊन आले आणि तिथलेच झाले. लहानपणी ती वडिलांबरोबर पाड्यांवर जायची. तिथं घरांच्या मागं, सांडपाण्याच्या कडेला, एक बुटकी मिरची असायची. फळ आखूड, वर तोंड करून लागणारं. बागायतदारांच्या मिरचीवर बोकड्या पडला की पानं वाटीसारखी वळतात, शेंडा खुंटतो, झाड उभ्या उभ्या म्हातारं होतं. ही घरामागची मिरची मात्र हिरवीगार राहायची. असं का, हे तिनं तेव्हा वडिलांना विचारलं. त्यांना सांगता आलं नाही. पुष्कळ मुलं असले प्रश्न विचारतात आणि विसरतात. ही विसरली नाही. बोकड्या एका विषाणूमुळे होतो, पांढरी माशी तो पसरवते, हे पुढं शिकली, वनस्पतींच्या विषाणूंवरच पीएच.डी. केली. मध्ये आमचं लग्न, मग माझ्या आईचं लांबलेलं आजारपण — तिची कितीतरी वर्षं डहाणूजवळ चिखल्याच्या आमच्या घरात गेली. ती कधी बोलली नाही त्यावर. मीही नाही. न बोलण्यात आम्ही दोघंही तरबेज होतो, पण तिचं न बोलणं वेगळं होतं.

आई गेल्यावर तिला ती फेलोशिप मिळाली. विषाणूंवर नुकतं काम सुरू करणाऱ्यांसाठी असते तसली. नुकतं सुरू करणाऱ्यांसाठी, आणि हिच्या केसांत पांढरे दिसायला लागलेले! वयाची अट असते. बायकांना त्यात थोडी सवलत असते. ती सवलतही संपत आली होती. त्या वर्षी मिळाली नसती तर मिळालीच नसती. शेजारच्या काकूंनी विचारलं, “म्हणजे नोकरी लागली का गं?” शुभदा म्हणाली, नोकरी नाही, एका प्रश्नाचा विचार करायला मिळालेली सवड आहे. “पैसे देतात ना?” देतात. “मग नोकरीच ती,” काकू म्हणाल्या, “आम्ही आयुष्यभर फुकटच विचार केला.” त्यावर शुभदा इतकी हसली होती की नंतर कितीतरी दिवस ती ते वाक्य प्रयोगशाळेतल्या लोकांना फोनवर ऐकवायची.

फेलोशिप तीन वर्षांची. दोन वर्षं इथं, तिसरं बंगळुरूच्या प्रयोगशाळेत. तिसरं आपोआप मिळत नाही. दोन वर्षांच्या कामाकडे बघून समिती ठरवते. हे लक्षात असू द्या.

आमच्या चिकूच्या वाडीत, विहिरीच्या अंगाला, तिनं बारीक जाळीचं शेडनेट उभं केलं. पाड्यांवरून आणलेल्या बियांची रोपं आत लावली. काहींवर माश्या सोडून विषाणू द्यायचा, काही निरोगी ठेवायची, आणि दोन्हींत फरक काय पडतो ते पाहायचं. सगळी मदार त्या निरोगी ओळींवर. त्या बिघडल्या तर कशाशी तुलना करणार?

मदतीला लखमी होती. सरावलीच्या पुढच्या पाड्यावरची, वारली, शुभदाच्याच वयाची. चिकू उतरवायला आमच्याकडे यायची, ती शेडनेटमध्ये रमली. लखमी तंबाखू खायची. उघड खायची, कमरेला पिशवी, त्यात चुन्याची डबी. आणि तंबाखूत एक विषाणू असतो, सुकलेल्या पानातसुद्धा जिवंत राहणारा. माणसाला काही करत नाही. पण तळहातावर तंबाखू मळून त्याच हातानं मिरचीचं रोप धरलं तर रोपाला लागतो. त्यावर उपाय सोपा — हात दुधात बुडवायचे. का कोण जाणे, दुधानं तो विषाणू निकामी होतो; शुभदा कारण सांगायची, मला ते कधी नीट कळलं नाही. म्हणून शेडनेटच्या दाराशी एक पातेलं असायचं, पाण्यात दूध पावडर कालवलेली. आत जाणाऱ्या प्रत्येकानं हात बुडवायचे. तंबाखू खाणाऱ्यानं, न खाणाऱ्यानं, खुद्द शुभदानंसुद्धा. लखमी पहिल्या दिवशी म्हणाली होती, “मिरचीला दूध, नि आमच्या पोरांना कोरा चाय. ताई, पुढच्या जन्मी मिरची कर मला.” शुभदानं दुसऱ्या दिवसापासून पावडरचा एक डबा तिच्या घरी द्यायला सुरुवात केली. लखमीनं तो घेतला, पण टोमणा काही सोडला नाही. रोज सकाळी पातेल्यात हात घालताना म्हणायची, “घे बाय, पी.”

आता माझं.

मी तंबाखू खातो. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. माझे वडील तोंडाच्या कॅन्सरनं गेले. लग्न ठरताना शुभदानं माझ्याकडून एकच गोष्ट मागितली होती, आणि मी सोडली असं सांगितलं होतं. काही महिने खरंच सोडली होती. मग कॉलेजच्या ग्रंथालयात — मी डहाणूच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात ग्रंथपाल आहे — जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यांमागे पुडी आली. तिथं कुणी येत नाही. सुटीच्या दिवशी वाडीच्या टोकाला. नंतर लवंग, चूळ, बडीशेप. माझ्यासारख्या गप्प माणसाला लपवणं कठीण जात नाही. गप्प राहण्याचं कारण कुणी विचारत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी शुभदा पुण्याला गेली. समितीसमोर काम मांडायला. जाताना ती इतकी घाबरली होती की साडी नेसून परत बदलली, पुन्हा तीच नेसली. मी तिला स्टेशनवर सोडलं. म्हणालो, “तुझं काम चांगलं आहे.” खरंच चांगलं होतं. निरोगी ओळी गर्द हिरव्या, आणि विषाणू दिलेल्या पाड्यावरच्या रोपांतली बहुतेक तितकीच हिरवी. समितीला फोटो दाखवायचे आणि महिन्याभरानं शेवटची मोजणी पाठवायची, एवढंच उरलं होतं.

ती पुण्यात असताना इथं वारा सुटला. समुद्राकडून येतो तसा, दुपारपासून. शेडनेट फाटलं नाही, पण आतल्या सुतळ्या सुटल्या आणि निरोगी ओळींतली बरीच रोपं आडवी झाली. शुभदाचा फोन आला. लखमी सकाळचं काम करून घरी गेली होती. शुभदा म्हणाली, “तूच जा ना. हळू हातानं उभी करून बांध. बाकी कशाला हात लावू नकोस. आणि दूध —” मी म्हणालो, “हो, माहीत आहे.”

तेव्हा मी वाडीच्या टोकाला होतो. तळहातावर मळलेली तंबाखू होती. फोन डाव्या हातात.

दाराशी गेलो. पातेलं पालथं होतं; दुपारनंतर दूध नासतं म्हणून लखमी ओतून, धुवून ठेवायची. पावडरचा डबा आत फळीवर, पाणी विहिरीवर. किती वेळ लागला असता? वारा सुटलेला, रोपं मोडतील अशी धास्ती — हे कारण मी मला त्या क्षणी दिलं, आणि पुढं अनेकदा दिलं. ते पुरेसं नाही. मला रोपांची घाई होती हे खरं. पण पातेलं भरून त्यात हात बुडवायचे म्हणजे माझ्या हाताला काही लागलं आहे हे मान्य करायचं. तिथं बघायला कुणी नव्हतं. तरी ते मान्य करायचं नव्हतं. मी तंबाखू न खाणारा माणूस होतो ना? हात पँटला पुसले आणि आत गेलो. एकेक रोप उभं केलं, खोडाभोवती सुतळी गुंडाळली. फार प्रेमानं केलं, हे सांगायची लाज वाटते. पण केलं प्रेमानंच.

संध्याकाळी तिचा फोन. “हात बुडवलेस ना?”

“हो.”

हे पहिलं खोटं. लहान होतं.

शुभदा परत आली ती उडत आली. समितीतल्या एका बाईंनी तिला बाहेर गाठून म्हटलं होतं, बंगळुरूला थंडी असते, स्वेटर घेऊन ठेवा. त्या एका वाक्यावर ती आठवडाभर जगली. मग, साधारण पंधरवड्यानं, निरोगी ओळींतल्या पानांवर फिकट हिरवे-गडद हिरवे चट्टे दिसायला लागले. आधी एका रोपावर. मग ओळभर. बोकड्यासारखे नव्हतेच ते. तिनं पान कुटून तपासणीची पट्टी बुडवली — कोविडच्या दिवसांत सगळ्यांच्या ओळखीची झाली तशीच पट्टी — आणि दोन रेघा उमटल्या. तंबाखूचा विषाणू.

मी तिथंच उभा होतो. लखमीही. शुभदानं पट्टीवरून नजर उचलून लखमीकडे पाहिलं. ओरडली नाही ती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“लखमी, हात?”

“रोज बुडवते ताई. एक दिस चुकवला नाय.”

“मग हे कुठून आलं?”

“मला काय ठावं. भाऊ बी आत गेलता, वाऱ्याच्या दिशी.”

“तो तंबाखू खात नाही गं,” शुभदा म्हणाली.

किती सहज म्हणाली. माझ्याकडे वळूनसुद्धा न बघता. माझी बाजू घेतेय असंही तिला वाटलं नसेल. सूर्य उगवतो तशी एक माहीत असलेली गोष्ट ती सांगत होती. आणि मी? मी मान डोलावली. लखमीनं ती मान डोलताना पाहिली.

दुसऱ्या दिवसापासून लखमीला येऊ नको सांगितलं. मजुरी चुकती केली, दुधाच्या पावडरचा उरलेला डबा दिला. लखमीनं डबा तिथंच ओट्यावर ठेवला आणि गेली.

सगळी रोपं उपटून जाळावी लागली. तो विषाणू मातीत राहतो, हाताला लागतो, सुतळीला लागतो. दोन वर्षांचं काम वाडीच्या कोपऱ्यात धुमसत होतं. शेवटची मोजणी पाठवताच आली नाही. शुभदानं समितीला जसं घडलं तसं कळवलं — तिला जेवढं ठाऊक होतं तसं. उत्तर सभ्य होतं. तिसरं वर्ष मिळालं नाही.

इथं थांबून तुम्ही म्हणाल, चूक झाली, घाबरलास, पुढं सांगायचं होतंस. मलाही हा कबुलीजबाब इथं संपला असता तर आवडलं असतं. पण दोन गोष्टी उरल्या आहेत, आणि त्या दोन गोष्टींसाठीच मी लिहायला बसलोय.

पहिली. ते नाहीचं उत्तर आलं त्या दुपारी शुभदा पायरीवर बसून होती. मी तिच्याजवळ बसलो, खांद्यावर हात ठेवला. आणि मला — कसं लिहू — मला हलकं वाटलं. ती आता बंगळुरूला जाणार नव्हती. त्या मोठ्या घरात मी एकटा राहणार नव्हतो. स्वेटर मी तिला मुंबईहून आणून दिला होता, जा म्हणालो होतो, सगळ्यांना कौतुकानं सांगत फिरत होतो. आणि आत कुठंतरी, रोज, ती जाऊ नये असं वाटत होतं. मी मुद्दाम केलं का? नाही. वाऱ्याच्या दुपारी माझ्या मनात बंगळुरू नव्हतं. असतं तर आठवलं असतं असं वाटतं. पण ती रडत होती आणि तिच्या शेजारी बसलेल्या माणसाला सुटल्यासारखं झालं होतं. हे मी आजवर कुणालाच, त्या दोघींनाही, सांगितलेलं नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. पहिली मनातली होती. दुसरी मी केली.

पुढं शुभदा कॉलेजात तासिकांवर शिकवायला लागली. पण तो प्रश्न तिला सोडत नव्हता. जेवताना मध्येच म्हणायची, “लखमी खोटं बोलणारी नाही रे.” मी ताटात बघायचो. ती एखाद्या धाग्याची गाठ सोडवावी तशी सोडवत होती — लखमी खरं बोलत असेल तर तिनं हात बुडवलेच होते. बुडवूनही विषाणू रोपांपर्यंत गेला असेल तर दूध पुरेसं नाही. तिच्याजवळ असलेल्या माहितीतून याच्याशिवाय दुसरं काय निघणार होतं? एक माहिती तेवढी खोटी होती, आणि ती मी दिलेली होती. एके दिवशी तिनं ठरवूनच टाकलं: चूक लखमीची नाही, पद्धतीची. आणि त्या दिवशी तिला इतकं वाईट वाटलं की तिनं जेवण केलं नाही.

म्हणाली, “तू सरावलीला जा. तिला सांग, ताईचं चुकलं. कामावर ये म्हणावं, शेडनेट नसलं तरी बागेत कर काहीही.”

मी म्हणालो, तूच जा ना.

“मी गेले तर तिला नाही म्हणता येणार नाही. मी समोर उभी राहिल्यावर ती काय बोलणार? तू गेलास तर मोकळेपणानं नाही म्हणू शकेल. म्हणायचं असेल तर म्हणू दे तिला.”

असा विचार करणारी बाई होती ती.

मी स्कूटर काढली. सरावलीपर्यंत गेलो. पाड्याकडे वळायच्या रस्त्यावर चहाची टपरी आहे, तिथं बसलो. एक चहा घेतला. मग दुसरा. लखमी काय विचारेल ते मला ठाऊक होतं. ती मला विचारणार होती — भाऊ, तू हात बुडवलेलेस? — आणि माझ्या तोंडावर बघत राहणार होती. टपरीवाल्यानं तंबाखूची पुडी पुढं केली. मी घेतली, मळली. मग उठलो, आणि स्कूटर परत फिरवली.

घरी येऊन सांगितलं, “ती येणार नाही म्हणाली.”

शुभदानं विचारलं, “रागावली होती?”

“नाही. शांत होती.”

“बरोबर आहे तिचं,” शुभदा म्हणाली. आणि पुन्हा कधी लखमीचं नाव काढलं नाही. एकदा डहाणू रोडच्या बाजारात लखमी लांबून दिसली, तर शुभदा दुकानाच्या आडोशाला झाली. मला म्हणाली, तिला उगीच अवघडल्यासारखं नको व्हायला. पलीकडे लखमीनं आम्हाला बघून मान फिरवली. दोघी एकमेकींपासून लपत होत्या आणि मधला माणूस भाजीची पिशवी धरून उभा होता.

माझं खोटं त्यानंतर माझ्याकडे राहिलंच नाही, ते कामाला लागलं. शुभदा विद्यार्थ्यांना सांगायची, ढोबळ्या मिरचीच्या शेडनेटवाल्यांना सांगायची: दुधावर विसंबू नका, आमच्याकडे दूध वापरूनही रोग आला. तिच्या शब्दाला मान होता. लोकांनी पातेली ठेवणं बंद केलं. आमच्या भागात त्यानंतर काहींच्या शेडनेटमध्ये चट्टे दिसले. त्यातलं किती माझ्यामुळे, मला कळायला मार्ग नाही.

गेल्या वर्षी शुभदा गेली. स्वादुपिंडाचा कॅन्सर, वापीच्या इस्पितळात निदान झालं तेव्हा फारसं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. शेवटच्या आठवड्यांत ती शांत असायची. मी उशाशी बसून वाचून दाखवायचो. सांगायला वेळ होता. खोलीत आम्ही दोघंच असायचो. तिला त्रास नको, असं मी स्वतःला म्हणायचो. त्रास कुणाला नको होता?

ती गेल्यावर तिच्या मार्गदर्शकांनी आणि जुन्या सहकाऱ्यांनी तिच्या नावानं एक छोटं वार्षिक अनुदान सुरू करायचं ठरवलं. विषाणूंवर नव्यानं काम करू पाहणाऱ्या एकाला किंवा एकीला वर्षभर पुरेल एवढं. तिच्या मनासारखी एक अट त्यांनी ठेवली — वयाची अट नाही. मीही त्यात भर घातली. मुलाखतींच्या वेळी घरचा म्हणून मला कोपऱ्यात खुर्ची दिली होती. तन्वी नावाच्या मुलीची निवड झाली. हुशार, जरा भरभर बोलणारी. मग तिनं विषय सांगितला. दुधाऐवजी हात निर्जंतुक करायला दुसरं काय वापरता येईल, गरीब शेतकऱ्याला परवडेल असं, हे ती वर्षभर शोधणार होती. “शुभदा मॅडमच्या अनुभवावरून दिसतं की दूध पुरेसं नाही,” ती म्हणाली, “माझं काम तिथून सुरू होतं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. दुसऱ्यांदा.

घरी आलो आणि कपाट उघडलं, स्वेटर तसाच होता. एक वर्ष. शुभदाला मिळालं नव्हतं ते एक वर्ष या मुलीला मिळत होतं, आणि ते ती माझ्या खोट्यावर खर्च करणार होती.

सकाळी तन्वीला फोन केला. सांगितलं: त्या दिवशी आत एक माणूस हात न बुडवता गेला होता, त्याच्या हाताला तंबाखू होती, तो मी. दूध नापास झालेलं नाही. मग तिनं विचारलं, “सर, अजिबातच बुडवले नव्हते, की थोडे भिजवले होते?”

“अजिबातच नाही.”

“पाण्यानं धुतले होते?”

“पँटला पुसले.”

“बरं,” ती म्हणाली. ती लिहून घेत होती. मग म्हणाली, विषय बदलावा लागेल, मार्गदर्शकांना कारण सांगावं लागेल. मी म्हणालो, सांग, माझ्या नावानिशी सांग. ती रागावली असेल. तिनं ते दाखवलं नाही. शुभदानंही आधी एवढंच विचारलं असतं.

मग सरावलीला गेलो. या खेपेला टपरीपाशी थांबलो नाही.

लखमी एका रोपवाटिकेत असते आता. चिकूच्या कलमांसाठी पिशव्यांत माती भरत होती. केस पिकले आहेत. मला बघून उठली नाही. शुभदा गेल्याचं तिला कळलं होतं. मी समोर उकिडवा बसलो आणि सांगितलं. तंबाखूचं सांगितलं, हाताचं सांगितलं, त्या सकाळी मान डोलावल्याचं सांगितलं. ती पिशव्या भरत राहिली. माती दाबायची, पिशवी आपटायची, बाजूला ठेवायची. मला वाटलं, तिला हे सगळं नवं नाही. निदान एवढं तरी तिनं त्याच दिवशी ओळखलं असावं.

मग मी पुढचं सांगितलं. की ताईनं नंतर मला पाठवलं होतं. की तुझी चूक नाही, माझंच चुकलं, परत ये, असा निरोप होता. की मी टपरीवरूनच परत गेलो आणि तू नाही म्हणालीस असं सांगितलं.

तिचा हात थांबला.

“ताईनी बोलवलेलं मला?”

“हो.”

“कधी?”

“तू गेलीस त्याच वर्षी. पावसाच्या आधी.”

तिनं हातातली अर्धी पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, “बाजारात ताई तोंड लपवायची. मला वाटायचं, चोर समजते मला.” आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, “ती गेली तवा मी मातीला पण आली नाय.”

तिनं जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. पिशवी उचलली आणि उरलेली माती भरायला लागली. मी उठलो आणि आलो.

शुभदा मेली तेव्हा तिला वाटत होतं की लखमीनं तिला माफ केलेलं नाही. लखमीला वाटत होतं की ताईनं तिच्यावर कधी विश्वास ठेवला नाही. दोन्ही खोटं होतं, आणि ते दोन्ही मी केलं. लखमीला आता खरं कळलं आहे. शुभदाला कळणार नाही.